तीन शब्दांची कुळकथा

अलीकडे महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांचे मोठे मेळावे भरतात. त्यांत तंत्रज्ञान, उद्योजकता आणि नेतृत्व हे तीन शब्द हटकून ऐकू येतात. पवईच्या आय.आय.टी.त 'टेकफेस्ट' १९९८ साली सुरू झाला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' सुरू केल्यावर हे लोण सर्वदूर पोचले. मुले यंत्रे चालवून दाखवतात, धंद्याच्या योजना परीक्षकांपुढे मांडतात, बक्षिसे मिळवतात. याचे कोणालाही कौतुकच वाटेल. तथापि या तीन शब्दांना आपल्याच मुंबईत सव्वाशे-दीडशे वर्षांची कुळकथा आहे, आणि ती त्या व्यासपीठांवर सहसा सांगितली जात नाही.

पहिला शब्द तंत्रज्ञान. कावसजी दावरांनी काढलेली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली. यंत्रे विलायतेची, त्यांवर देखरेख करणारे जाणकारही बहुतेक विलायतेचेच. येथल्या मुलांना ती विद्या मिळावी म्हणून १८८७ साली भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १९२३ मध्ये ती माटुंग्यास गेली. आज ती जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते.

दुसरा शब्द उद्योजकता. याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिकवीत असत. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत; तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिच्या उभारणीत शाळा अर्धवट सुटलेल्यांचा हात होता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर राखणीचा भरवसा टाकलेला होता. कल्पना एकाची, पण नांगर झाला तो अनेकांच्या हातांनी.

तिसरा शब्द नेतृत्व. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले गृहस्थ. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. मागण्या काय? आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज मेळावे बहुधा शनिवार-रविवार पाहून भरतात. तो रविवार कोणी मिळवून दिला, हे विद्यार्थ्यांच्या कानावर जावयास नको काय?

मी स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे थोडे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि संघटनेच्या कचेरीत. तेथे शिकलेली एक गोष्ट अशी की, नेता म्हणजे ज्याच्या मागे लोक उभे राहतात तो नव्हे, तर जो लोकांच्या प्रश्नामागे उभा राहतो तो. मेळाव्यातल्या व्याख्यानांत पहिला अर्थ पुष्कळ सांगितला जातो, दुसरा क्वचित.

याची किंमत मोठी असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. गिरण्या बंद पडत गेल्या. जमिनींची चर्चा पुष्कळ झाली, पण मागावर उभे राहून मिळवलेल्या कसबाचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही. आज मोबाइलवरून काम वाटणाऱ्या कंपन्या घरपोच माल नेणाऱ्या पोरांना कामगार न म्हणता भागीदार म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. या पोरांच्या वाट्याला ऊनपाऊस आणि अपघात येतात. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, ही त्यातली चांगली गोष्ट.

म्हणून आयोजक विद्यार्थ्यांस माझी एक सूचना आहे. स्पर्धेच्या अर्जात भांडवल किती, नफा किती, हे विचारताच. त्याखाली आणखी एक ओळ घाला : हे काम कोण करणार, किती तास, किती वेतनावर, आणि तो जखमी झाला तर काय? परीक्षकांत भांडवलदाराशेजारी एखादा जुना फिटर किंवा विणकर बसवा. या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर असेल, त्याला खुशाल पहिले बक्षीस द्या. टाळ्या वाजवावयास आम्हीही येऊ.