निवासी डॉक्टरांची सांकेतिक बोली व काळा विनोद

वैद्यकाची पदवी हाती आल्यावर मोठ्या रुग्णालयात राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रात्रंदिवस रुग्णसेवा करीत पुढील शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांमध्ये रूढ असलेली, रुग्ण व त्यांचे नातलग यांच्या कानांवर सहसा न पडणारी परिभाषा, आणि मृत्यू, विद्रूपता, असाध्यता यांनाच विषय करणारा त्यांचा विनोद. फाशीच्या तख्ताकडे निघालेल्या कैद्याच्या थट्टेचा दाखला घेऊन सिग्मुंड फ्रॉइड यांनी अशा विनोदाची मीमांसा केली होती. रुग्णालयात मात्र मरणाच्या दारी उभा असतो रुग्ण आणि हसतो डॉक्टर. या प्रकाराविषयीचा सारा नैतिक वाद या एका भेदातून उद्भवला आहे.

या बोलीस साहित्यात कायमचे स्थान मिळाले ते १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाउस ऑफ गॉड’ या अमेरिकन कादंबरीमुळे. सॅम्युएल शेम या टोपणनावाने ती लिहिणारे स्टीफन बर्गमन यांनी बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात उमेदवारी केली होती. तातडीच्या कक्षातून चालते होण्यास फर्मावणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनल्याचे सांगितले जाणारे ‘गोमर’ हे संबोधन, भान हरपलेल्या, बऱ्या न होणाऱ्या आणि तरीही वारंवार दाखल होणाऱ्या वृद्ध रुग्णास लावले जाई. असा रुग्ण दुसऱ्या विभागाच्या गळ्यात घालणे म्हणजे त्यास ‘टर्फ’ करणे, आणि त्या विभागाने त्याची परत रवानगी केली की तो ‘बाउन्स’ झाला असे म्हणत. त्याच वर्षी लोकविद्येचे अभ्यासक ॲलन डंडीस यांनी व्हिक्टोरिया जॉर्ज यांच्यासह ‘गोमर’वर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि पुढे १९८५ मध्ये लायडरमन व ग्रिसो या संशोधकांनी असे दाखविले की केवळ वार्धक्यामुळे कोणी गोमर ठरत नसे, ज्याची बुद्धी कायमची खालावली आहे, ज्याचे दुखणे गुंतागुंतीचे आहे आणि ज्यास नेहमीचे जीवन पुन्हा जगता येणार नाही, त्याच्यापुढे आपल्या विद्येचे काही चालत नाही, ही अगतिकता त्या शब्दात साठलेली असे. ती अगतिकता खरी होती. परंतु तिचा राग ज्याच्यावर निघाला तो त्या कक्षातील सर्वांत असहाय मनुष्य होता, हे विसरून या बोलीचे कौतुक करणे योग्य होणार नाही.

कॅन्ससच्या वैद्यक विद्यालयात विद्यार्थ्यांबरोबर वावरून समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या ‘बॉइज इन व्हाइट’ (१९६१) या ग्रंथात ‘क्रॉक’ या शब्दाची चिकित्सा आहे. ज्याच्या तक्रारी पुष्कळ पण तपासणीत विकार म्हणून सापडत नाही असा हा रुग्ण. विद्यार्थी त्याच्यावर चिडत ते मुख्यतः त्याच्यामागे वेळ जातो आणि शिकण्यासारखे हाती काही लागत नाही म्हणून. याहून वेगळे आणि अधिक उदात्त चित्र समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स यांच्या ‘एक्स्पेरिमेंट पेरिलस’ (१९५९) या ग्रंथात दिसते. प्रायोगिक उपचार चालणाऱ्या एका कक्षात डॉक्टरांइतकेच रुग्णही आपल्या दशेची थट्टा करीत आणि त्या हसण्याने एकमेकांस धीर देत. ज्या थट्टेत रुग्ण आपखुशीने सामील होतो तीस दोष देण्याचे कारण नाही.

ब्रिटनमधील अशा दोनशेंहून अधिक संज्ञा ॲडम फॉक्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केल्या. दहनाच्या दाखल्यावर सही करण्याबद्दल मिळणारी फी ती ‘ॲश कॅश’, आणि वृद्धांचा कक्ष तो ‘डिपार्चर लाउंज’. त्यांनी दिलेली एक हकीकत उद्बोधक आहे. रुग्णास शिवी देऊन घालवून दिल्याची नोंद ‘टीटीएफओ’ या अक्षरांनी करणाऱ्या डॉक्टरास न्यायालयात त्यांचा अर्थ विचारला गेला, तेव्हा ‘तोंडावाटे द्रव द्यावे’ अशा आशयाच्या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, असे सांगून त्याने वेळ मारून नेली. बोललेला शब्द हवेत विरतो, पण दफ्तरात उतरलेला शब्द पुरावा होतो, हे कळू लागल्यापासून तेथील लेखी संज्ञा मागे पडत गेल्या.

हा विनोद बळावण्यास अतिश्रम व अपुरी झोप ही कारणे मोठी आहेत. न्यू यॉर्क येथे १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची तरुणी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर अतिश्रमाने थकलेले होते, असे म्हणत तिच्या पित्याने निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न धसास लावला, आणि १९८९ पासून त्या राज्यात आलेली आठवड्यास ८० तासांची मर्यादा २००३ मध्ये साऱ्या अमेरिकेत लागू झाली. डॉक्टरांच्या जिभेस वळण लावू पाहणाऱ्यांनी आधी त्यांच्या झोपेची काळजी वाहावी.

महाराष्ट्रातील सरकारी व महापालिका रुग्णालयांच्या बोलीत इंग्रजी आद्याक्षरे आणि घरगुती नाती शेजारी शेजारी नांदतात. कक्षसेवक हा ‘मामा’, सेविका ही ‘मावशी’, आणि वैद्यकीय सल्ला न मानता रुग्णास घरी नेले की ‘पेशंट लामा गेला’. या शेवटच्या दोन अक्षरांत पुष्कळदा पैसा संपल्याची, गाव दूर असल्याची किंवा उशाशी बसावयास घरी दुसरे माणूस नसल्याची कैफियत दडलेली असते. ती विचारून घेऊन केसपेपरवर लिहिणारा निवासी डॉक्टर आपल्या व्यवसायाची खरी शान राखतो. तो कागद रुग्णाच्याही हाती जाऊ शकतो, कारण भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णास त्याचे वैद्यकीय दफ्तर देणे डॉक्टरावर बंधनकारक आहे.