एब्बेट्स फील्ड : ब्रुकलिनचा संघ नेमका कोणाचा होता?

आज ज्या स्टेडियमबद्दल बोलायचंय ते आता जागेवर नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं एब्बेट्स फील्ड. १९१३ साली ते सुरू झालं, १९५७ साली तिथे मेजर लीगचा शेवटचा सामना झाला आणि १९६० मध्ये ते पाडलं गेलं. तरीही अमेरिकेत ‘संघ गावाचा की मालकाचा’ असा वाद निघाला की आजही पहिलं उदाहरण याचंच दिलं जातं.

आधी ब्रुकलिन समजून घेऊ. १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. महापौर गेला, कारभार नदीपलीकडे गेला. ब्रुकलिनचं म्हणून ठळक असं जे उरलं, त्यात हा बेसबॉलचा संघ होता. त्याचं नाव ‘डॉजर्स’, म्हणजे चुकवणारे, अंग काढून घेणारे. १८९० च्या दशकात ब्रुकलिनच्या रस्त्यांवर विजेच्या ट्राम धावायला लागल्या आणि त्या चुकवत रस्ता ओलांडणं हा तिथल्या लोकांचा रोजचा व्यायाम झाला. त्यावरून चेष्टेत पडलेलं हे नाव पुढे कायमचं चिकटलं.

चार्ल्स एब्बेट्स हा या संघाच्या कचेरीत तिकिटं विकणं, हिशेब लिहिणं अशा कामांपासून सुरुवात करून मालक झालेला माणूस. ज्या भागात कचरा टाकला जायचा तिथले जमिनीचे तुकडे त्याने कोणाला सुगावा लागू न देता एकेक करून विकत घेतले. बांधकामाला पैसा कमी पडला तेव्हा संघातली निम्मी भागीदारी विकली. आणि गंमत बघा, एवढं करून वार्ताहरांच्या कक्षाची सोय करायचीच राहून गेली!

स्टेडियम लहान होतं. उजव्या बाजूची सीमा जेमतेम २९७ फुटांवर. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की खेळाडूचं पुटपुटणंही ऐकू यावं. हिल्डा चेस्टर नावाच्या बाई गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत बसायच्या. धावफलकाखाली एब स्टार्क या कपडे विक्रेत्याची पाटी होती : चेंडू या पाटीवर मारा, सूट मिळवा. हा स्टार्क पुढे ब्रुकलिनचा बरो प्रेसिडेंट झाला.

१५ एप्रिल १९४७ रोजी याच मैदानावर जॅकी रॉबिन्सन उतरला. विसाव्या शतकात मेजर लीगमध्ये खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. याबद्दल स्वतंत्रच बोलायला हवं. इथे एवढंच सांगतो की ज्यू, इटालियन, आयरिश, कृष्णवर्णीय अशा सगळ्यांच्या वस्त्या असलेल्या ब्रुकलिनने या संघाला आपलं म्हणण्यात त्या घटनेचा वाटा फार मोठा आहे.

आणि संघ हरायचा. साधासुधा नाही, अगदी शेवटच्या पायरीवर हरायचा. १९४१, ४७, ४९, ५२, ५३ : पाचही वेळा वर्ल्ड सीरीजमध्ये शेजारच्या यांकीजकडून पराभव. ‘पुढच्या वर्षी बघा’ हे ब्रुकलिनचं ब्रीदवाक्यच होऊन बसलं होतं. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ ला, सातव्या सामन्यात, जॉनी पोड्रेसच्या गोलंदाजीवर (बेसबॉलवाले तिला पिचिंग म्हणतात) २-० असा विजय मिळाला. पुढचं वर्ष उजाडलं एकदाचं.

त्यानंतर दोनच वर्षांत संघ गेला.

का गेला? ब्रुकलिनची जुनी माणसं एकच नाव घेतात : वॉल्टर ओ’मॅली, १९५० पासून संघाची सूत्रं हातात असलेला मालक. पण युद्धानंतर प्रेक्षक बदलला होता, हेही पाहायला हवं. लोक लाँग आयलंडच्या उपनगरांत राहायला गेले, मोटारीने येऊ लागले, आणि स्टेडियमजवळ गाड्या लावायला जागा होती साधारण ७०० गाड्यांपुरती. ओ’मॅलीला अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या चौकात, रेल्वेस्थानकाच्या डोक्यावर, नवं स्टेडियम हवं होतं. बांधायचा खर्च तो करणार होता, पण शहराने कायद्याचा अधिकार वापरून ती जमीन गोळा करून द्यावी, ही त्याची अट. शहराच्या बांधकामांवर ज्याची पकड होती त्या रॉबर्ट मोझेसने नकार दिला : खासगी मालकाचं स्टेडियम म्हणजे सार्वजनिक हित नव्हे. त्याऐवजी क्वीन्समधली फ्लशिंग मेडोजची जागा सुचवली. ओ’मॅलीला ती नको होती.

माझ्या मते इथे मोझेसचा मुद्दा तत्त्वतः बरोबर होता आणि ओ’मॅलीचा हिशेबही खोटा नव्हता. मात्र या दोघांच्या बोलण्यात प्रेक्षकाला खुर्चीच नव्हती. २४ सप्टेंबर १९५७ च्या शेवटच्या सामन्याला ६,७०२ लोक आले.

आता लॉस एंजेलिसला काय घडलं ते पाहू, कारण ब्रुकलिनच्या हळव्या आठवणींत हे सहसा येत नाही. तिथल्या चावेझ रवीन या डोंगराळ भागात मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांच्या वस्त्या होत्या. सरकारी गृहप्रकल्प उभारायचा म्हणून १९५० च्या सुमारास शहराने ती घरं रिकामी करवायला घेतली. पुढे अशा सरकारी घरांवर साम्यवादाचा शिक्का बसला आणि प्रकल्प बारगळला. जमीन मात्र शहराच्या ताब्यात राहिली, आणि ती स्टेडियमसाठी ओ’मॅलीकडे गेली. १९५८ च्या सार्वमतात थोडक्या फरकाने या कराराला मंजुरी मिळाली. मे १९५९ मध्ये मागे उरलेल्यांपैकी एका कुटुंबाला पोलिसांनी उचलून बाहेर काढलं, ते लोकांनी टीव्हीवर पाहिलं. म्हणजे मोझेसने जे नाकारलं, जवळपास तेच इथे दुसऱ्या वाटेने घडलं. १० एप्रिल १९६२ ला डॉजर स्टेडियम सुरू झालं, भोवती हजारो मोटारींची सोय असलेलं.

एब्बेट्स फील्डच्या जागी आज उंच रहिवासी इमारती आहेत. ते पाडायला आणलेला लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवलेला होता. ओ’मॅलीने मागितलेल्या त्या चौकापाशी, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, २०१२ मध्ये बार्कलेज सेंटर उभं राहिलं. त्या प्रकल्पासाठी राज्याने तोच अधिकार वापरून लोकांच्या जागा ताब्यात घेतल्या. तिथे ब्रुकलिन नेट्स हा बास्केटबॉलचा संघ खेळतो. तो न्यू जर्सीहून आणलेला आहे.