सावकाराचे घर आणि रोख्यांची पेटी : 1875 च्या दख्खनच्या दंग्यांची एक बाजू

मुंबई इलाख्यातील पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत 1875 च्या उन्हाळ्यात कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे उठाव केले, ते इतिहासग्रंथांत ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखले जातात. शेतसारा, कापसाचा भाव आणि कर्ज या तीन अंगांनी त्यांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. परंतु हे सारे प्रसंग घडले कोठे, या साध्या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. कचेरी, ठाणे किंवा खजिना यांच्यावर जमाव चालून गेला नाही. तो गावातल्याच एका सधन घराच्या दारात जमला, घराला त्याने वेढा घातला आणि घरातील माणसांपुढे प्रामुख्याने एकच मागणी ठेवली, ती म्हणजे कर्जरोखे बाहेर काढून देण्याची. कुटुंब वेठीस धरले गेले ते कागदासाठी, आणि त्या कागदाला एवढे मोल कसे आले हे पाहिल्याखेरीज दंग्यांचा अर्थ लागत नाही.

कर्जरोखा किंवा खत म्हणजे ऋणकोने घेतलेल्या रकमेची, व्याजाच्या दराची आणि फेडीच्या मुदतीची लेखी कबुली. सावकारी ही काही इंग्रजी अमदानीत जन्मलेली गोष्ट नव्हे. पेशवाईतही सावकार होते आणि कुणबी त्यांचे देणे लागत. मात्र तेव्हाची वसुली पाटील, पंचायत आणि गावची रीत यांच्या मर्यादेत चाले, आणि दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही हा धर्मशास्त्रातील दंडक, लोकांच्या मनात पक्का होता. दिवाणी न्यायालये आली आणि वसुलीचा आधार रिवाजाकडून लेखाकडे सरकला. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. सावकाराने जुने देणे उकरून काढू नये असा त्यामागचा हेतू होता, पण व्यवहारात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. व्याज अशा रीतीने मुद्दलाचे नाव धारण करी आणि दामदुपटीचा नियम शब्दशः न मोडताही निरर्थक होई. पुढे दंग्यांच्या सरकारी चौकशी आयोगाला 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे उदाहरण आढळले. अक्षरशत्रू कुणबी अंगठा किंवा नांगराची निशाणी करून मोकळा होई, फिर्याद झाली तर बहुधा हजरच राहत नसे, आणि मग न्यायालय एकतर्फी हुकूमनामा देई, म्हणजे दुसरी बाजू न ऐकता वसुलीचा निकाल करी.

या कर्जाला मध्यंतरी सुगीचा काळही लाभला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात हिंदुस्थानी कापसाला अपूर्व मागणी आली, सावकारांनी हात सैल सोडला आणि शेतकऱ्याने ऐपतीबाहेर उचल केली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपल्याने जमिनीची फेरआकारणी होऊन काही भागांत सारा 50 ते 100 टक्क्यांनी चढला. सारा भरण्यासाठी पुन्हा सावकाराच्याच ओसरीवर जावे, तर त्याने देवघेवीचा हात आखडता घेतलेला.

त्या काळच्या खेड्यातील सावकाराचे घर डोळ्यांपुढे आणणे येथे आवश्यक आहे. मारवाडी किंवा गुजर सावकार बहुधा वाणीही असे, त्यामुळे दर्शनी भागात दुकान, आत माजघर आणि मागे परसात कडब्याची गंजी, अशी एकाच छपराखाली व्यापार आणि संसार यांची मांडणी असे. जाड भिंती, भिंतीतच सोडलेली धान्याची बळदे आणि दाराला आतून लागणारा लाकडी अडसर ही दख्खनमधील सधन घरांची नित्याची लक्षणे होती आणि ती चोरदरोडेखोरांच्या भयातून आली होती. ही सारी तटबंदी सोने, नाणे आणि धान्य यांच्या राखणीसाठी रचलेली असली, तरी 1875 पर्यंत घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू वह्या आणि रोखे ठेवलेली पेटी ही होऊन बसली होती. सोने लुटून नेले तर कुणब्याचे देणे तसेच राही. पेटी जळाली तर निदान त्याच्या समजुतीप्रमाणे देणेच नाहीसे होई.

घरात शिरण्याची सुरुवात मात्र शेतकऱ्यांनी केली नव्हती, ही गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी डिसेंबर 1874 मध्ये एका मारवाडी सावकाराने सुमारे 150 रुपयांच्या देण्यापायी गावच्या एका प्रतिष्ठित देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे राहते घर पाडण्यास आरंभ केला. कायद्याच्या दृष्टीने ही रीतसर बजावणी होती. गावाच्या दृष्टीने मात्र ते एका कुटुंबाच्या घरात घुसणे होते, आणि त्याला गावाने दिलेले पहिले उत्तर हिंसेचे नव्हते. न्हाव्याने हजामत नाकारली, पाणी भरणाऱ्याने पाणी बंद केले, दुकानाकडे कोणी फिरकेना. बहिष्काराचे हे जुने हत्यार आसपासच्या गावांनीही उचलले आणि काही सावकारांना बिऱ्हाड हलवून तालुक्याच्या ठिकाणी आसरा घ्यावा लागला.

बहिष्काराची पुढची पायरी 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी गाठली गेली. आठवड्याच्या बाजाराला भोवतालच्या खेड्यांतून जमलेल्या लोकांनी गुजर आणि मारवाडी सावकारांची घरे-दुकाने फोडली, वह्या आणि रोखे हिसकावून जाळले, आणि तेथे धान्य व कापडही लुटले. चोवीस तासांच्या आत सुमारे 14 मैलांवरच्या एका गावातील मुख्य सावकाराची गंजी पेटली आणि घराला आग लावण्यात आली. त्यानंतर शिरूर तालुका आणि अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असा वणवा पसरत गेला आणि दोन महिन्यांत तीसहून अधिक गावे त्यात सापडली.

सुप्याची लूट ठळक असली तरी ती प्रातिनिधिक नव्हती. बहुतेक ठिकाणी घटनाक्रम जवळजवळ एकसारखा होता. जमाव घराभोवती जमे, रोखे मागे, सावकाराने ते मुकाट्याने दिले तर त्यांची होळी करून निघून जाई. सावकार दार लावून बसला किंवा नाही म्हणाला, तरच धाकदपटशा, आगीची भीती आणि क्वचित मारहाण यांचा अवलंब होई. ब्राह्मण सावकारही जेथे देवघेव करत होते अशा गावांतून झळ सहसा मारवाड्यांनाच पोचली, यावरून गावात मुरलेला धनको आणि बाहेरून आलेला धनको यांत जमावाने केलेला भेद दिसतो. हा भेद न्याय्य होता असे म्हणता येणार नाही, कारण रोख्याची जाचक रीत कोणा एका जातीची नव्हती. तसेच, जिवाला फारसा अपाय झाला नाही म्हणून बंद दाराआड बसलेल्या कुटुंबाचे भय लहान ठरत नाही. दंग्यांच्या प्रचलित वर्णनांत सावकार दिसतो, त्याची पेटी दिसते. माजघरातील बायका आणि मुले मात्र फारशी दिसत नाहीत, आणि ही उणीव इतिहासलेखनाला शोभणारी नाही.

सरकारने लष्कर आणले, गावोगाव पोलीस बसवले आणि शेकडो लोकांना पकडले. 1860 च्या दंडसंहितेनुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. त्या मोजमापात रोखे जाळणारा जमाव नीट बसत नाही, कारण त्याला वस्तू बाळगायची नव्हती, नष्ट करायची होती. या दृष्टीने चार वर्षांनी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह घातलेले छापे तुलनेस घेण्याजोगे आहेत. धामारी येथून फेब्रुवारी 1879 मध्ये सुरू झालेल्या आणि मे महिन्यात कोकणातील पळस्पे व चिखली येथवर पोचलेल्या या मोहिमेतही सधनांची घरेच फोडली गेली, परंतु तेथे उद्दिष्ट इंग्रज सत्तेविरुद्धच्या बंडासाठी पैसा उभारण्याचे होते. घर तेच आणि दारही तेच, मात्र पहिल्या वेळी मागणी कागदाची होती आणि दुसऱ्या वेळी रोकड व दागिन्यांची.

चौकशी आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी ऋणनिवारण कायदा आला, जो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, देण्यापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली, दावा लागण्यापूर्वी समेट घडवणारे गृहस्थ नेमले आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढेच व्हावा असे ठरवले. सुप्याच्या बाजारात कागद जाळणाऱ्यांनी जे अडाणी आणि भीतिदायक मार्गाने मागितले होते, त्यातील बराच भाग येथे कलमांच्या भाषेत मान्य झाला. सावकारांनीही वाट शोधली. साध्या रोख्यावर भरवसा उरला नाही तेव्हा अनेकांनी कर्ज देतानाच जमिनीचे खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. रक्कम फिटली की जमीन परत करण्याचा करार तोंडी असे, आणि तो पाळायचा की नाही हे खरेदीखत ज्याच्या पेटीत असे त्याच्या मर्जीवर राही.