पोंत द लिमा

उत्तर पोर्तुगालच्या व्हियाना दु कास्तेलु जिल्ह्यातील ऐतिहासिक गाव व पालिकाक्षेत्र. लोकसंख्या सुमारे 41,000 (2021). स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात उगम पावून अटलांटिकला मिळणाऱ्या लिमा नदीच्या डाव्या तीरावर जुने गाव वसले आहे. ‘पोंत’ म्हणजे पूल. गावाला नाव पुलाने दिले आणि गाव घडवलेही पुलानेच.

ब्रागाहून आस्तोर्गाकडे जाणारा रोमन रस्ता इथे नदी ओलांडत असे. पुलाचा उजव्या तीरालगतचा तुकडा रोमन आहे, पुढचा लांब भाग मध्ययुगीन. वाहनांना तो बंद असला, तरी गावकऱ्यांचा रोजचा राबता त्याच्यावरूनच असतो आणि स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेला निघालेले पदयात्रीही इथूनच पलीकडे जातात.

नदीची दंतकथा प्रसिद्ध आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात रोमन सेनानी देसिमुस ब्रूटस सैन्यासह इथे आला. ही पाताळातली लेथी, म्हणजे विस्मृतीची नदी, अशा समजुतीने सैनिकांचे पाय काठावरच अडले. ओलांडली तर घरदार, देश, सारेच विसरून जाऊ, ही धास्ती. तेव्हा सेनानी एकटाच पार झाला आणि पलीकडून एकेका सैनिकाला नावाने हाका मारू लागला. आपली नावे त्याच्या लक्षात आहेत हे पाहून सैन्य पाण्यात उतरले. आज एका काठावर सैनिकांचे, तर समोरच्या काठावर घोड्यावरील सेनानीचे शिल्प उभे आहे.

1125 साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु हेन्रिक्स याची आई तेरेसा हिने गावाला सनद दिली. पोर्तुगाल हे स्वतंत्र राज्य होण्याआधीची ही गोष्ट. देशातले सर्वांत जुने ‘व्हिला’ (शहराहून खालच्या दर्जाचे गाव) असा अभिमान गाव बाळगते आणि शहराचा दर्जा न घेता व्हिलाच राहिले आहे. सनदेत इथल्या बाजाराचा उल्लेख आहे. तो बाजार आजही एक आड एक सोमवारी नदीकाठच्या वाळवंटात तंबू-राहुट्या टाकून भरतो. गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा हा बाजारच इथला खरा जुना ठेवा मानावा लागेल. 14व्या शतकातील तटबंदी पुढे बरीचशी पाडली गेली; तिच्या उरलेल्या बुरुजांपैकी एक दीर्घकाळ तुरुंग होता.

कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या आदल्या संध्याकाळी ‘व्हाका दश कोर्दश’ (दोरांची गाय) हा खेळ होतो. दोरांनी बांधलेले जनावर मुख्य चर्चपाशी आणतात, त्याच्यावर तांबडी वाइन ओततात, चर्चला तीन फेऱ्या घालायला लावतात आणि मग नदीच्या वाळूत नेतात. नाव गायीचे असले तरी हल्ली बहुधा बैल असतो. पिठाच्या चक्क्या चालवणाऱ्यांनी ही गाय आणलीच पाहिजे, नाहीतर दंड भरावा, असा नियम 1646 मध्ये होता. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या वाटांवर फुलापानांचे गालिचे अंथरलेले असतात. सप्टेंबरातली ‘फैरश नोव्हश’ ही मोठी जत्रा 1826 पासूनची. ढोल, अकॉर्डियन आणि लोकनृत्ये रात्रभर चालतात.

डुकराच्या रक्तात शिजवलेला, जिऱ्याच्या वासाचा साराबुल्यु भात आणि लोरैरु द्राक्षांची हलकी व्हिन्यु व्हेर्द वाइन ही इथल्या पानाची ओळख. लिमातला लॅम्प्री मासा हिवाळ्याच्या अखेरीस मिळतो.

कवी आंतोनियु फैजॉ (1859–1917) याच गावचे. गोव्याशी थेट नाते असलेले दुसरे गावकरी म्हणजे जुझे नोर्तोन द मातुश. त्यांचा जन्म इथे 1867 साली झाला. 1898 मध्ये ते गोव्यात आले आणि तिथल्या जमीन-मोजणी खात्याचे काम त्यांनी पाहिले. पुढे अंगोलाचे गव्हर्नर आणि पहिल्या महायुद्धात युद्धमंत्री झालेल्या या वसाहती प्रशासकाने 1949 मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी केली. मतदानाआधी माघार घेतली. 1955 साली पोंत द लिमातच त्यांचे निधन झाले.