ब्रेबोर्नचा न कळलेला निरोप

कोरेगांवच्या माणसानें मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानाविषयीं बोलावें, हें कोणास धार्ष्ट्य वाटेल. परंतु आमच्या बाजूच्या पुष्कळ लोकांनीं तें मैदान कानांनींच पाहिलें आहे. आणि त्याच्या इतिहासांतील एक थोर पान सांगलीस जन्मलेल्या पुरुषानें लिहिलें आहे. तेवढ्या नात्यानें हा प्रपंच.

१९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईच्या जिमखान्यावर झाला. तेथें प्रेक्षकांची सोय तंबू-शामियान्यांची! इंग्लंडांत लॉर्ड्स आहे, तसें आपल्याकडे कांहीं असावें, ही ईर्ष्या धरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अँथनी डि मेलो यांनीं गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचें मन वळविलें. बॅकबेचा समुद्र हटवून केलेल्या जमिनींतून ९०,००० चौरस वार जागा वारास साडेतेरा रुपये दरानें मिळाली. २२ मे १९३६ रोजीं कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजीं लॉर्ड टेनिसन यांच्या संघाबरोबरील सामन्यानें मैदान खुलें झालें.

पण त्याच हंगामांत एक अपशकुन झाला. पंचरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ उतरलाच नाहीं. कारण काय, तर नव्या मैदानांत आपल्या वांट्यास बैठकी कमी आल्या! खेळासाठीं घर बांधलें आणि भांडण लागलें तें पाटावरून.

तथापि त्या घरांत खेळ झाला तो अपूर्व. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावा. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. इतर संघ १३३ मध्यें आटोपला. मग सांगलीचे विजय हजारे, हे ख्रिस्ती असल्यामुळें इतरांच्या बाजूनें खेळत, दुसऱ्या डावांत उभे राहिले. ३८७ पैकीं ३०९ धावा एकट्यांच्या! बंधु विवेक यांच्याबरोबर ३०० ची भागी झाली, तींत विवेकांच्या २१. संघ डावानें हरला तो हरलाच; परंतु माणसांची अशी जातवार मांडणी करणारी ती पद्धति त्या खेळीपुढें किती खुजी दिसली! १९४६ नंतर ते सामने बंद पडले, हें बरेंच झालें.

१९४९ च्या फेब्रुवारींतील घाव मात्र अद्याप बुजत नाहीं. वेस्ट इंडीजला हरविण्यास ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनीं १२२ काढल्या. ८ बाद ३५५ झाल्या आणि वेळ संपली. अवघ्या सहा धावा! तो कसोटींतील आपला पहिला विजय ठरता. त्यासाठीं पुढें १९५२ पर्यंत थांबावें लागलें.

आतां निरोपाची गोष्ट. ६ फेब्रुवारी १९७३ पासून इंग्लंडशीं पांचवा कसोटी सामना झाला. इंजिनियर १२१, विश्वनाथ ११३. पलीकडे ग्रेग १४८, फ्लेचर ११३. विश्वनाथचें शतक पुरें होतांच उंच्यापुऱ्या ग्रेगनें त्या ठेंगण्या फलंदाजास लेंकरासारखें उचलून घेतलें. त्या सामन्यानंतर क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचा बैठकींच्या वांटणीवरून असलेला वाद विकोपास गेला. क्लबानें मैदान बांधलें हें खरें. पण तें भरीत होते तिकिटासाठीं ताटकळणारे लोक, आणि माझ्या मतें त्यांचा विचार दोन्ही पक्षांनीं कमीच केला. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें हांकेच्या अंतरावर दुसरें मैदान उभें राहिलें आणि जानेवारी १९७५ मध्यें कसोटी सामना तिकडे गेला. ब्रेबोर्नवर तो पुन्हां आला डिसेंबर २००९ मध्यें, एका सामन्यापुरता. सेहवागनें श्रीलंकेविरुद्ध २९३ केल्या.

हें सारें ११ फेब्रुवारी १९७३ च्या सायंकाळीं कोणास ठाऊक असणार? इंग्लंडच्या २ बाद ६७ झाल्या असतां खेळ थांबला. सामना अनिर्णित राहिला, मालिका आपण २-१ अशी जिंकली, आणि लोक हंसतखेळत चर्चगेटच्या गाड्यांकडे निघाले.