९९९९ खेळांची कॅसेट आणि नाणेघाटातला पट

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराची जत्रा भरते. मांडवीच्या काठी देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी, बाहेर भेळ-जिलेबीची दुकानं, दुपारनंतर कुस्त्या. पाचवीत असताना या जत्रेतल्या एका पालावरून मी व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट आणली. वर छापलं होतं, ‘९९९९ इन १’. वडील सहसा असल्या गोष्टींना पैसे देत नसत, पण या वेळी त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. रोज एक खेळ धरला तरी सत्तावीस वर्षं पुरतील. सौदा वाईट नव्हता.

घरी येऊन कॅसेट लावली. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदकांचा खेळ. दुसऱ्या पानावर वेगळी नावं. एक उघडलं, तर पुन्हा मारिओच, फक्त सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून. पुढचं उघडलं, तर कॉन्ट्रा, पण जीव जास्त. मी आणि माझा चुलतभाऊ रात्री वीज जाईपर्यंत मोजत बसलो. खरे खेळ दोन हातांच्या बोटांवर मावले. वडिलांना आम्ही हे कधीच सांगितलं नाही. त्यांचा हिशेब चुकला असं सांगायची हिंमत नव्हती.

ही फसवणूक एकट्या ओतूरची नव्हती. जपानच्या निंटेंडोने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतभर पोचल्या आणि त्यांच्याबरोबर या कॅसेटीही आल्या. युक्ती साधी होती. चिपमध्ये मोजकेच खेळ घालायचे, पुढे एक लांबलचक यादी जोडायची आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला तोच खेळ थोडा बदलून सुरू करायला सांगायचं. यादी लिहायला जागा फारशी लागत नाही. खेळाला लागते.

खरं कसब होतं ते मूळ खेळ बनवणाऱ्यांचं. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा त्याहून जड असतो. जागा वाचवायला त्यातला ढग आणि खालचं झुडूप यांना एकच चित्र वापरलंय. वर पांढरं, खाली हिरवं. शेकडो वेळा खेळूनही आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. म्हणजे एकच चित्र दोनदा बघून आम्ही कंटाळलो नाही, आणि नवनवी नावं वाचून मात्र एका संध्याकाळीत कंटाळलो.

याचं उत्तर मला कॉन्ट्रात सापडतं. पहिला टप्पा जंगलाचा, तिथे उजवीकडे पळत सुटायचं. दुसऱ्यात कॅमेरा आपल्या पाठीमागे जातो आणि समोरच्या भिंतीवर गोळ्या झाडायच्या. तिसरा धबधबा, तिथे वर चढायचं. या धबधब्याने आमच्या घरात जेवढी भांडणं लावली तेवढी शेतीच्या बांधानेही लावली नसतील. दोघांपैकी जो आधी वर उडी मारेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. भाऊ हावरट होता, तो वर जायचा आणि मी मरायचो. मग आम्ही आकडे म्हणत एकदम उड्या मारायला शिकलो. चित्र बदललं म्हणून तो टप्पा वेगळा वाटत नव्हता. तिथे आम्हाला वेगळं वागावं लागत होतं.

जुन्नर भागात हा प्रश्न फार जुना आहे. ओतूरहून दुचाकीवर सव्वा-दीड तासात नाणेघाट येतो. कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनांची वाट. गुहेत नागणिका राणीचा शिलालेख आहे. वर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं परंपरा सांगते. पण या भागात दगडांवर खेळांचे पटही कोरलेले आहेत, कुठे वाट्यांसारख्या खळग्यांच्या ओळी, कुठे रेघांचे चौकोन. खळग्यांचा तो मंकला. तमिळनाडूत त्याला पल्लांकुळी म्हणतात, आफ्रिकेत तो आजही जोरात खेळला जातो. ज्याला वाट बघायची आहे आणि ज्याच्याजवळ खडे आहेत, त्याला आणखी काही लागत नाही.

रेघांच्या खेळांत आपल्याकडे ओळखीचा नवकंकरीचा पट. एकात एक तीन चौकोन, चोवीस जागा, दोघांकडे नऊ-नऊ खडे. तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. नियम दोन मिनिटांत समजतात. १९९३ मध्ये राल्फ गॅसर या संशोधकाने संगणकावर हा खेळ पूर्ण सोडवला. सगळे खडे मांडून झाल्यावरच्या साडेसातशे कोटींहून अधिक मांडण्या त्याने तपासल्या आणि निष्कर्ष काढला की दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. बोटभर जागेत रेघा ओढल्या की एवढं मावतं. माझ्या पिवळ्या कॅसेटवर ९९९९ च होते, तेही खोटे.

मग आकडा खरा असला की झालं? तसंही नाही. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला. त्यात १८ वर १८ शून्यं इतके ग्रह आहेत आणि प्रत्येक वेगळा आहे, गणिताने घडवलेला. पहिल्या आठवड्यातच अनेक खेळाडू वैतागले. दहावा ग्रह जांभळा, अकरावा पिवळा, पण दोन्हीकडे उतरून करायचं तेच. केट कॉम्प्टन या संशोधिकेने अशा खेळांसाठी ओट्सच्या लापशीच्या दहा हजार वाट्यांचं उदाहरण दिलंय. प्रत्येक वाटीतला दाणा वेगळ्या जागी असतो, खाणाऱ्याला मात्र लापशीच दिसते. ओतूरकराला हे बराखीत उभं राहून कळेल. एकासारखा दुसरा कांदा नसतो, पण आपण पाहतो तो ढीग. पुढे त्या खेळात घरं बांधणं वाढलं, मित्रांबरोबर नीट खेळता येऊ लागलं, तसे लोक परतले. ग्रह तेवढेच होते.

तुम्ही बीजीएमआय खेळत असाल तर हे तुम्हाला ठाऊक आहे. एरँगल बेट तेच, आठ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. घरं, पूल, टेकड्या पाठ झालेल्या. तरी विमान दुसऱ्या दिशेने गेलं, वर्तुळ भलतीकडे आकसलं आणि गच्चीवर कुणीतरी दबा धरून बसलं की कालचं शहाणपण उपयोगी पडत नाही. जत्रेतला आखाडाही असाच. माती तीच, नियम तेच, समोरचा पैलवान दुसरा. याच खेळात बंदुकीला सोनेरी रंग द्यायला पैसे मागतात, तेव्हा मला ती पिवळी कॅसेट आठवते. रंग बदलल्याने डाव बदलत नाही. हे मी भाच्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “मामा, तुला कळत नाही.” असेलही.

मागच्या पावसाळ्यात त्याला नाणेघाटात घेऊन गेलो. धुकं इतकं की दरी दिसेना आणि मोबाईलला रेंज नाही. कोरलेल्या पटाला हात न लावता शेजारच्या दगडावर विटेच्या तुकड्याने तीन चौकोन काढले, खडे गोळा केले. पहिला डाव मी जिंकलो. दुसऱ्यात तो म्हणाला, कोपऱ्यातला खडा उचलायचा नाही, असा नियम कर. केला. तिसऱ्या डावाला माझे तीनच खडे उरले होते आणि तो वर न बघता म्हणाला, “थांब, घाई करू नकोस, विचार करतोय.” धुकं उतरलं होतं, खाली कोकण दिसायला लागलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.