बोटाचा तुकडा, बॅच नंबर आणि इंदापूर : अन्नपदार्थाचा माग कसा काढला जातो?

जून २०२४ मध्ये मालाडमधील एका ग्राहकाला ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीम कोनमध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा सापडला. मालाड पोलिसांत तक्रार झाली आणि काही दिवसांतच तपास पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला. एका कोनावरून थेट कारखाना कसा सापडतो? आणि वडापाव किंवा शॉर्माच्या बाबतीत हे इतके सोपे का नसते?

मालाड प्रकरणात काय समोर आले?

कोन ‘यम्मो’ या ब्रँडचा होता. मात्र तो तयार झाला होता इंदापूरमधील एका त्रयस्थ उत्पादकाकडे. नाव एका कंपनीचे आणि उत्पादन दुसरीकडे, ही या व्यवसायातली नेहमीची पद्धत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) कारखान्याची पाहणी करून परवाना निलंबित केला. मे महिन्यात तिथल्या एका कामगाराच्या बोटाला काम करताना इजा झाली होती. तो तुकडा त्याच्याच बोटाचा असल्याचे जूनअखेर डीएनए चाचणीतून स्पष्ट झाले.

माग कशावरून लागतो?

पाकीटबंद पदार्थावर दोन क्रमांक महत्त्वाचे असतात. पहिला एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५. त्यानंतरचे दोन अंक वर्षाचे. केंद्रीय परवान्यात राज्याच्या जागी ०० असते.

दुसरा म्हणजे बॅच किंवा लॉट नंबर. परवाना क्रमांकावरून कोणी बनवले ते कळते, बॅच नंबरवरून नेमका कोणता घाणा ते कळते. ‘एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे’ हे यामागचे साधे तत्त्व. प्रत्येकाने माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याची नोंद ठेवायची. साखळीतली एक नोंद जरी गायब झाली, तरी माग तिथेच तुटतो.

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २७ नुसार, माल कोणाकडून आला हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर त्याच्यावर जबाबदारी येते. कलम २८ नुसार असुरक्षित माल बाजारातून परत मागवणे व्यावसायिकाला बंधनकारक आहे. त्याची कार्यपद्धती २०१७ च्या नियमांत दिली आहे.

मग कोन बाहेर पडलाच कसा?

माग काढणे हे घटनेनंतरचे काम आहे. आधीचे काम धोका ओळखून उत्पादन थांबवण्याचे. कारखान्यातील मेटल डिटेक्टर धातूचा तुकडा पकडतो, मांस किंवा त्वचा नाही. त्यामुळे यंत्रावर कोणाला इजा झाली, की त्या वेळेचा माल बाजूला काढून तपासणे हाच खरा उपाय. त्यासाठी अपघाताची वेळ आणि बॅचची वेळ या दोन्ही नोंदी जुळाव्या लागतात. कामगाराची जखम ही केवळ दवाखान्यातली नोंद राहिली, तर ती ग्राहकाच्या ताटापर्यंत येऊ शकते.

सुट्या पदार्थांचे काय?

एप्रिल २०२४ च्या अखेरीस गोरेगावमध्ये चिकन शॉर्मा खाल्ल्यानंतर बारा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मे महिन्याच्या सुरुवातीला मानखुर्द परिसरात शॉर्मा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. अशा गाडीवरच्या पदार्थावर ना बॅच नंबर असतो, ना तारीख. कोंबडी कुठून आली, मेयोनीज कधी बनवले, हे विक्रेत्याच्या आठवणीवर अवलंबून राहते. २०१७ च्या नियमांतही माल परत मागवण्याच्या योजनेची सक्ती साध्या रेस्टॉरंटना नाही, ती अनेक शाखांच्या मोठ्या साखळ्यांना आहे. म्हणजे उपनगरांत रोज रस्त्यावर जे खाल्ले जाते, त्यातला बराचसा भाग या साखळीबाहेरच राहतो.

ग्राहकाने काय करावे?

- पदार्थात काही गैर आढळल्यास पाकीट फेकू नका. बॅच नंबर, तारीख आणि परवाना क्रमांकाचा फोटो काढा.
- उरलेला पदार्थ फ्रीजमध्ये ठेवा. आइस्क्रीम असेल तर फ्रीजरमध्ये.
- बिल किंवा अ‍ॅपवरील ऑर्डरची नोंद जपून ठेवा.
- राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तक्रार करा.

तक्रार केवळ तुमच्या एका पाकिटापुरती नसते. त्याच बॅचची बाकीची पाकिटे तेव्हा कोणाच्या तरी फ्रीजमध्ये असतात. ती वेळेत परत मागवता येतील की नाही, हे बऱ्याचदा तुम्ही जपलेल्या वेष्टनावर ठरते.